नाव घालणाऱ्याच्या घरातली भांडी

शांतवनभाऊने माझ्याकडून शब्द घेतला होता, "मी आहे तोवर हे कुणाला सांगायचं नाही." आधी तो शपथच घालायला निघाला होता. पण शपथ वाहायची नाही असं त्याच्या प्रभूने सांगून ठेवलंय हे त्याला ऐन वेळी आठवलं, म्हणून नुसता शब्द. तो मी पाळला. माझ्यासारख्याने पाळला हा महाडच्या इतिहासातला एक चमत्कारच समजा, कारण माझ्या पोटात तीळ भिजत नाही. माझ्या घरी सकाळी कुठली भाजी फोडणीला पडली हे दुकानाचं शटर वर जायच्या आत पोलादपूरच्या स्टँडवर कळलेलं असतं.

आता शांतवनभाऊ नाही. वर त्याला जे मिळायचं होतं ते एव्हाना मिळालं असेल. तिथल्या कचेरीत काही अडलंच असेल, तर हे माझं साक्षीदार म्हणून निवेदन समजावं.

महाडच्या बाजारपेठेत माझं भांड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. माझा धंदा म्हणजे ज्याच्या घरी दहा पातेली आहेत त्याला अकराव्याची किती नड आहे हे पटवून देणं. त्यात मी इतका तरबेज की एकदा ब्रह्मचारी बुवाला मी लग्नाचा डिनर सेट विकला होता. आणि अशा माझ्या दुकानाच्या पायरीवर, डाव्या अंगाला, एका लाकडी खोक्यावर बसून शांतवनभाऊ भांड्यांवर नावं घालायचा.

आमच्याकडे बिननावाचं भांडं म्हणजे बेवारशी. लग्नात तांब्या दिला तरी त्यावर देणाऱ्याचं नाव हवं, वास्तुशांतीला परात दिली तरी हवं. चार आण्याच्या चमच्यावर सात पिढ्यांची नावं घालून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. नंतर तीच माणसं जेवणावळीत ताटाखालची वाटी उलटी करून बघतात, आपलं नाव नीट आलंय ना. या सगळ्या हौशीवर शांतवनभाऊचं पोट चालायचं, आणि त्या हौशीची टिंगल करणं हा त्याचा छंद होता. असा धंदा कुणी करतं का? मी आजतागायत दुसरा पाहिला नाही.

उंचीला तो एवढा की छताला टांगलेले डबे काढायला त्याला काठी लागत नसे, आणि अंगाने एवढा बारीक की पावसात दोन सरींच्या मधून कोरडा घरी जाई. डोळ्यांवर बाटलीच्या बुडाचा चष्मा, कानावर पेन्सिल. हातातलं विजेचं मशीन भांड्याला टेकलं की सगळ्या रायगड जिल्ह्यातले डास एकदम पिसाळल्यासारखा आवाज व्हायचा, आणि त्या आवाजावर हा उपासनेची गाणी म्हणायचा. मशीन एका सुरात, शांतवनभाऊ दुसऱ्या. समोरच्या केमिस्टकडे डोकेदुखीच्या गोळ्या सगळ्यात जास्त खपायच्या, त्याचं श्रेय त्याने कधी आम्हाला दिलं नाही.

गिऱ्हाईकाने भांडं पुढे केलं की हा मशीन बाजूला ठेवून विचारायचा, "नाव कुणाला दिसायला हवं?"

"म्हणजे?"

"घेणाऱ्याला, बघणाऱ्याला, की वरच्याला? वरच्याला दाखवायचं असेल तर मजुरी वाचव, बाबा. त्याला असंच दिसतं."

"शांतवनभाऊ, तुम्ही घाला हो नाव. लग्नाला उशीर होतोय."

"घालतो ना. पण मग तुझं बक्षीस इथंच मिळालं, बरं का. बघणारे वा म्हणतील, संपलं. वर जाऊन परत मागायचं नाही."

गिऱ्हाईक हसायचं. क्वचित एखादं चिडायचं. पण एखाद-दुसरं खरोखर तसंच बिननावाचं भांडं घेऊन जायचं, आणि त्या दिवशी शांतवनभाऊ मजुरी बुडाल्याच्या आनंदात मला चहा पाजायचा.

त्याचं घर म्हणजे गावातल्या सखल भागातली भाड्याची दोन खोल्यांची जागा. तिथे चहाला गेलं की पहिल्यांदा गोंधळच उडायचा. पेल्यावर नाव "चि. सुरेखा हिच्या विवाहप्रीत्यर्थ". तांब्यावर कुणाची तरी मुंज. पोह्यांची ताटली कुठल्याशा तलाठ्याच्या निवृत्तीची. कारण असं, की नावं घालून झाल्यावर एखादं लग्न मोडायचं, एखाद्या निवृत्तीला सत्कारमूर्ती आणि सत्कार करणारे यांचंच भांडण व्हायचं. मग लोक भांडी परत आणायचे. नाव पडलेलं भांडं मी परत घेत नाही, तसा बोर्डच लावलाय. लोक पायरीवर तोंड पाडून उभे राहायचे आणि शांतवनभाऊ म्हणायचा, "आण इकडे. माझ्याच हातचं काम आहे, मीच वापरीन." अशाने त्याचा सगळा संसार दुसऱ्यांच्या नावाचा झाला. गावभरच्या मोडलेल्या लग्नांच्या भांड्यांवर त्याचं एक लग्न छान चाललं होतं.

एकदा पुण्याहून आलेल्या पाळकसाहेबांनी पेला वाचून अतिशय गंभीरपणे विचारलं होतं, "बंधू शांतवन, ही सुरेखा कोण?"

आतून मार्थासिस्टरचा आवाज आला, "आमच्या घरात राहते ती. भाडं देत नाही."

मार्थासिस्टर म्हणजे शांतवनभाऊची बायको. नगरकडची, सरकारी दवाखान्यात नर्स. डोंगरातल्या वाड्यांवर पायी फिरून तिने इतकी बाळंतपणं केली होती की वरंधच्या अंगाला कुठेही दगड भिरकावला तर तो तिने जन्माला घातलेल्या माणसालाच लागेल. रागाला आली की सवच्या कुंडातलं गरम पाणी तिच्यापुढे कोमट. तिला शांतवनभाऊच्या प्रभूचं वावडं नव्हतं, तो तिचाही होता. पण प्रभूचा हिशेब आणि स्वयंपाकघर यांत तिला थोडं अंतर हवं असायचं.

तिची एकच मागणी होती, आणि ती ती माझ्या दुकानात उभी राहून, मला साक्षी ठेवून करायची.

"शांतवन, मी आयुष्यभर सुरेखाच्या पेल्यातून पाणी प्यायले. माझी पोर सासरी जाईल तेव्हा तिच्या तांब्यावर दुसऱ्याची मुंज नसेल. सांगून ठेवते."

"बरं."

"बरं नको. नीट ऐक. प्रत्येक भांड्यावर 'एस्तेर'. चमच्यावरसुद्धा."

"घालतो की."

"केव्हा?"

"लग्न ठरू दे."

पगार झाला की दर महिन्याला सिस्टर एक भांडं घ्यायची. बोटाच्या पेराने वाजवून, कान लावून, कलिंगड घेतात तसं. जाड बुडाची पातेली, परात, कळशी, मोठे टोप. "पोरीला एकदाच घ्यायचंय, शेट, पातळ काढू नका," असं मला बजावायची. मी पातळ माल दाखवायचोच, सवयीने. त्यांच्या खोलीत पावसाळ्यात पाणी शिरायचं, म्हणून तो सगळा संसार माझ्या दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षं गोण्यांत बांधून राहिला. एस्तेरचं लग्न ठरलं. दिवाळीनंतरची तारीख निघाली. नावं मात्र घालायची राहिलीच.

शांतवनभाऊचा एक किस्सा हसनभाईशिवाय सांगता येत नाही. हसनभाई कुवेतला बरीच वर्षं काढून आलेला, आता दोन टेम्पो आहेत त्याचे. तर त्याने जमातीला द्यायला बिर्याणीची देग घेतली. देग कसली, आत दोन माणसं बसून पत्ते खेळतील अशी. "शांतवन, माझं नाव असं घाल की हायवेवरच्या एसटीतून वाचता आलं पाहिजे," म्हणाला आणि नमाजाला गेला. परत येऊन बघतो तर चहूबाजूंनी देग कोरी.

"अरे, नाव कुठाय?"

शांतवनभाऊने देग कलंडवली. नाव बुडाला होतं. सुंदर, गोल वळणाचं.

"बुडाला? अरे शहाण्या, चुलीवर चढली की काळी होईल ना ती!"

"होईल."

"मग वाचणार कोण?"

"बिर्याणीला माणसं वाचायला येतात की जेवायला? आणि ज्याने वाचायचं तो काजळीतूनपण वाचतो."

हसनभाई एवढा ओरडला की समोरच्या केमिस्टने आपणहून गोळ्या बाहेर काढल्या. मग तो थांबला. देगीच्या बुडावरून हात फिरवला आणि खाली बघत म्हणाला, "आमच्यातपण हेच सांगतात. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नाय."

"मग तुला आधीच माहीत होतं. माझी मेहनत फुकट गेली," शांतवनभाऊ म्हणाला. त्या दिवसापासून दोघं असे जोडले गेले की ईदच्या शीरखुर्म्याचा पहिला डबा सखल भागातल्या त्या दोन खोल्यांत जायचा. अर्थात तलाठ्याच्या नावाच्या ताटलीने झाकून परत यायचा.

माझं आणि त्याचं मात्र कायम वाजायचं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो सुरू व्हायचा. "शेट, प्रभूने सांगितलंय, खाली साठवशील ते कसर खाईल, गंज खाईल, चोर घर फोडून नेईल. वर साठव."

"भाऊ, मी स्टेनलेस विकतो. कसर लागत नाही, गंज चढत नाही. चोराचं म्हणशील तर शटरला तीन कुलपं आहेत."

"म्हणून तर आपल्याला सावित्री दिलीय," तो नदीकडे मान करून म्हणायचा. "प्रभू डोंगरावर बसून बोलत होता, म्हणून पुराचं राहून गेलं. महाडच्या बाजारात बोलला असता, तर पहिलं नाव तिचंच घेतलं असतं."

महाडच्या दुकानदाराला पुराचं काय सांगायचं? भोंगा वाजला की आम्ही माल माळ्यावर चढवायला लागतो. तान्ही पोरंसुद्धा इथे चालायच्या आधी जिना चढायला शिकतात. तरी दर खेपेला काहीतरी जातंच. एका पुरात माझं भलंथोरलं पितळी पिंप तरंगत गेलं, ते बाणकोटच्या खाडीतून थेट समुद्रात. पुढे हसनभाईने ते कुवेतच्या बाजारात पाहिलं, एक अरब त्यातून खजूर विकत होता आणि पिंपावर माझ्या वडिलांचं नाव स्पष्ट होतं. हसनभाई खोटं बोलत नाही. आमच्या दोघांत ते काम माझ्याकडे आहे.

आता मूळ गोष्टीवर येतो. इथे मी काहीही वाढवून सांगणार नाही. या वर्षीच्या नव्हे, मागच्या एका पुराची ही गोष्ट. पाणी दुकानाच्या पाटीला लागलं आणि उतरलं. खाली गुडघाभर चिखल, माळ्यावरचं तेवढं वाचलेलं. चिखल उपसत होतो तेवढ्यात बातमी आली, वरच्या एका वाडीवर दरड आली. किती गेले ते मी इथे लिहीत नाही. जे राहिले त्यांना खाली आणून उंचावरच्या शाळेत ठेवलं होतं. हसनभाई टेम्पोतून तांदूळ, डाळ, कांदे टाकून आला आणि दारात उभा राहून म्हणाला, "धान्य हाय. लाकडं हायत. शिजवायला भांडं एक नाय. घरातली दरडीखाली गेली. पोरं उपाशी हायत, शेट."

माझ्या माळ्यावर भांडी होती. आमच्या एका पुढाऱ्याने वाढदिवसाला वाटायला मागवलेले टोप आणि ताटं, नाव घालायची थांबलेली. मी बाजाराच्या टोकाला गेलो, डोंगराकडे तोंड करून उभा राहिलो, कारण तिथेच रेंज यायची, आणि साहेबांना विचारलं.

"द्या की!" साहेब म्हणाले. "अवश्य द्या. फक्त नाव घालून द्या."

"साहेब, लाइट नाही. मशीन चालत नाही."

"मग लाइट आली की द्या."

परत येऊन हे मी जसंच्या तसं सांगितलं. शांतवनभाऊ चिखलाचे पाय तसेच शिडीवर ठेवून माळ्यावर चढला आणि साहेबांचा ढीग ओलांडून पलीकडच्या गोण्यांना हात घातला.

"भाऊ, ते सिस्टरचं आहे."

"माहीत आहे."

"लग्न दिवाळीनंतर आहे."

"माहीत आहे. धर."

"अरे, बायको आहे तुझी! एवढी वर्षं एकेक करून जमवलंय तिने. जिवंत गाडेल ती तुला."

"ते मला माहीत नाही असं वाटतं तुला?" त्याने पहिला टोप खाली दिला. "नाव घातलं असतं तर माझ्याने उचलवलं नसतं, शेट. 'एस्तेर' वाचलं असतं आणि परत ठेवलं असतं."

"म्हणून घातलं नव्हतंस होय इतके दिवस?"

"छे रे. आळस."

मग त्याने शब्द घेतला. "हे कुणाचं ते तिथे कुणाला कळता कामा नये. त्यांचं सगळं गेलंय. त्यात आणखी आमच्या उपकाराचं ओझं कशाला? मी आहे तोवर बोलायचं नाही." हसनभाईने नुसती मान हलवली. मी शब्द दिला, आणि आम्ही टेम्पोत बसलो.

शाळेच्या पटांगणात पोचलो, आणि कोण दिसावं? मार्थासिस्टर. सकाळपासून तिथेच होती, जखमा बांधत. शांतवनभाऊ टेम्पोच्या मागच्या बाजूला जेवढा लपता येईल तेवढा लपला. पण एवढा उंच माणूस लपणार कुठे? मी आणि हसनभाईने भांडी उतरवली, बायकांनी दगडांच्या चुली मांडल्या, खिचडी चढली. सिस्टर एका पोराची पट्टी बांधून उठली, हात पुसत चुलीपाशी आली आणि थांबली.

टोपावर तिने बोटाचं पेर वाजवलं. एकदाच. माळ्यावरच्या तिच्या गोण्यांतलं कुठलंही भांडं तिने डोळे झाकूनही ओळखलं असतं. मान वळवून तिने टेम्पोकडे पाहिलं. चाकाच्या वरून एक चष्मा दिसत होता.

मी देवाचं नाव घ्यायला लागलो. घाईत तिच्या प्रभूचंही घेतलं.

चुलीपाशी एक म्हातारी बसली होती, वाडीतली. सकाळपासून ती कुणाशी बोलली नव्हती असं नंतर कळलं. तिने टोपाच्या काठावरून बोट फिरवलं आणि सिस्टरकडे वर बघून विचारलं, "नवी कोरी हायत गो बाय. नाव पन नाय कोनाचा. कोनाची गो ही?"

चुलीचा धूर होता, सिस्टरने डोळे पुसले तर त्यात काही विशेष नव्हतं. ती म्हातारीजवळ खाली बसली.

"तुमचीच आहेत, आजी."

"आमची?"

"हो. म्हणून तर नाव नाही घातलं. तुम्हाला घालायचं असेल ते घाला."

मग ती उठली, पदर खोचला आणि टेम्पोकडे आली. मी वाट मोकळी करून दिली. हसनभाईने स्टिअरिंगच्या मागे आसरा घेतला. शांतवनभाऊ चिखलात उभा होता, शाळेत अंगठे धरून उभ्या केलेल्या पोरासारखा.

"झाकणं कुठायत?" सिस्टर म्हणाली.

"काय?"

"झाकणं! एवढे टोप आणलेस, झाकणं माळ्यावरच ठेवून आलास. पावसाचं पाणी पडतंय खिचडीत. अर्धवट दान करतोस, शांतवन? जा, घेऊन ये. आणि परात राहिलीय. आणि डाव आणायला विसरू नकोस, का हाताने वाढणारेत त्या?"

तो हलेना. "मार्था..."

"काही बोलू नकोस आत्ता. मला रडायला वेळ नाही. जा."

आम्ही गेलो. वाटेत शांतवनभाऊ टेम्पोत एवढ्या मोठ्याने गात होता की कुठेतरी राहिलेली दरड येते की काय अशी मला धास्ती वाटली.

लाइट आली ती बऱ्याच दिवसांनी. तोवर शाळेतली माणसं दुसरीकडे पत्र्याच्या शेडमध्ये गेली होती. शांतवनभाऊने साहेबांच्या ताटांवर साहेबांचं नाव घातलं, सगळ्यांवर, ठसठशीत, एकही अक्षर न चुकवता. मी म्हटलं, "तुला राग नाही येत?"

"कशाचा? त्यांना त्यांचं बक्षीस मिळतंय. बघ किती सुबक आलंय." आणि मशीनच्या आवाजावर गायला लागला.

आता एक गोष्ट माझ्याबद्दल, थोडक्यात, कारण या गोष्टीत मी पाहुणा आहे. दिवाळीच्या आधी एका सकाळी त्यांच्या दारात एक गोणी आढळली. आत जाड बुडाची पातेली, टोप, कळशी, तांब्या. दुकान उघडलं तर शांतवनभाऊ खोक्यावर माझ्याआधी येऊन बसलेला.

"शेट, आमच्या दारात कुणीतरी भांडी ठेवून गेलंय."

"हो का? कमाल आहे."

"मूर्ख माणूस. झाकणं विसरलाय."

मी हिशेबाच्या यंत्रावर उगाच आकडे दाबत बसलो. त्याने मशीन हातात घेतलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "त्याला विचार, नाव घालायचंय का? मजुरी घेणार नाही."

मला खरं सांगायचं तर घालावंसं वाटलं. ठळक, कळशीच्या गळ्याशी, महाडभर दिसेल असं. पण म्हणालो, "नको म्हणतोय तो."

"शाबास," शांतवनभाऊ म्हणाला. "जाड बुडाची दिलीत. शिकलाय."

आयुष्यात मला बक्षिसं कमी मिळाली नाहीत. व्यापारी संघाची एक ढाल तर मी स्वतःच विकत घेऊन स्वतःला देवविली आहे. पण त्या "शाबास"साठी मी त्या माणसाचा आजन्म ऋणी आहे.

लग्न थाटात झालं. मार्थासिस्टर मला मांडवाच्या कोपऱ्यात गाठून म्हणाली, "शेट, माझ्या घरातल्या भांड्यांवर सगळ्यांची नावं, आणि पोरीच्या भांड्यांवर कुणाचंच नाही. मधलं काही जमलंच नाही आपल्याला." हसत होती. एस्तेरने निघताना घरातून हट्टाने एकच वस्तू मागून घेतली, सुरेखाचा पेला. आता पुण्यात तिची शेजारीण तिला सुरेखाताई म्हणते आणि ती ओ देते.

शांतवनभाऊचं दुखणं गेल्या वर्षी निघालं. दवाखान्यात भेटायला जाताना मी एक तांब्या घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचं मशीन हातात धरून त्यावर त्याचं नाव घातलं. म्हटलं, हजारोंची नावं घातली या माणसाने, एक तरी भांडं त्याच्या नावाचं असावं. माझा हात, तेव्हा काय झालं असेल ते समजा. 'श' दारू प्यालेला, 'त' पळून जातोय, आणि 'न' कुठेतरी खाली पोलादपूरकडे.

त्याने तांब्या डोळ्यांजवळ धरला. बराच वेळ. तो आणखी बारीक झाला होता, खाटेवर चादरच अंथरलीय असं वाटायचं.

"कोंबडीने घातलंय का हे?"

"मी घातलंय."

"कळलं मला." त्याने अंगठा त्या अक्षरांवरून फिरवला. "छान आहे रे. 'श'चं पोट जरा मोठं धरायचं, म्हणजे तोल जात नाही." चादरीवर बोटाने मला तो 'श' काढून दाखवला. दोनदा. मग मान वळवून पलीकडच्या खाटेकडे बघितलं. तिथे डोंगरातला एक म्हातारा होता. त्याची सून प्लास्टिकच्या फुटक्या बाटलीतून त्याला पाणी पाजत होती, निम्मं गळ्यावर सांडत होतं.

मी ओळखलं. "भाऊ, नाही हं. हे एक तरी ठेव. नाव आहे तुझं त्यावर."

"नाव दुसरीकडे घातलंय माझं," तो म्हणाला. "तिथलं अक्षर याच्याहून बरं असेल अशी आशा आहे." आणि तो बांबूसारखा लांब हात दोन खाटांच्या मधल्या जागेवरून, कुणाची मदत न घेता, पलीकडे गेला. सुनेने तांब्या घेतला. शांतवनभाऊने हात मागे घेतला आणि छातीवर ठेवला, रिकामा. मी पाहिलेला तो शेवटचा शांतवनभाऊ.

परवा वरंधच्या पुढे एका वाडीत लग्नाची ऑर्डर घ्यायला गेलो होतो. चढ चढून जीव गेला. एका घराच्या ओट्यावर टेकलो तर आतून एक बाई पाणी घेऊन आली. तांब्या हातात घेतला आणि माझ्या बोटांना ती अक्षरं लागली. बघायची गरज नव्हती. असा 'श' जगात दुसरा नाही.

"शेट," ती म्हणाली, "तुमी भांड्यांचे ना? यावर नाव कोनाचा हाय हो? आमच्या म्हाताऱ्याला दवाखान्यात कोनी तरी दिलान. म्हातारा गेला, पन सांगून गेला, ह्यो इकू नका. आमाला वाचता येत नाय."

माझ्या तोंडाशी सगळी गोष्ट आली, देगीपासून झाकणापर्यंत. असा ऐकणारा मला रोज मिळत नाही. मी तांब्या तोंडाला लावला आणि सगळं पाणी एका दमात प्यालो.

"चष्मा नाही आणला, वहिनी," म्हटलं. "पाणी मात्र फार गोड आहे."

"आनखी देऊ?"

"द्या," म्हटलं, आणि तांब्या पुढे केला.